आयला ते कुंकळ्ळी: व्हिस्की चाखायला बसण्याआधी

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एक बेट आहे. त्याचं स्पेलिंग वाचून आपल्याकडे बहुतेक जण 'इस्ले' म्हणतात, तिथले लोक मात्र 'आयला' म्हणतात. माझ्या मेव्हण्याला त्या बेटावरची व्हिस्की पहिल्यांदा हुंगायला दिली तेव्हा त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने ग्लास नाकाशी नेला, झटक्यात मागे घेतला आणि म्हणाला, "आयला! दाजी, हे तर शाळेत गुडघा फुटल्यावर लावायचे ते औषध." उच्चार आणि वर्णन, दोन्ही एका दमात बरोबर.

चव ओळखायला त्याला कोर्स करावा लागला नाही. फुटलेला गुडघा आठवला, एवढं पुरलं. बाटलीच्या खोक्यावर जी वर्णनं छापलेली असतात ती स्कॉटिश माणसाच्या स्वयंपाकघरातून आलेली असतात: हीदरची फुलं, गूजबेरी, ख्रिसमस केक. त्याच्या आजीने तो केक केलेला असतो. आपल्या आजीने डिंकाचे लाडू केले, गुऱ्हाळावर काकवी चाटायला दिली, पावसाळ्याआधी सुकट उन्हात घातली. नवशिका बहुतेक वेळा इथेच गळपटतो. खोक्यावर गूजबेरी लिहिलंय, मला ती येत नाहीये, म्हणजे आपल्याला यातलं कळत नाही! अहो, रायआवळा आठवला तर रायआवळा लिहा. पुढचं सगळं याच बोलीवर चालणार आहे.

किती, कुणी, कुठून

चार ग्लास, प्रत्येकात १५ मिली. एकूण ६० मिली, म्हणजे एक लार्ज. एवढ्यात दीड-दोन तास आरामात जातात, कारण घोट अर्ध्या चमच्याचा घ्यायचा असतो. चारच्या पुढे नाक थकतं आणि मग जे लिहिलं जातं ते कल्पनेतून लिहिलं जातं. सातवा-आठवा नमुना चाखून कुणी 'आहाहा' म्हणालं तर ते 'आहाहा' व्हिस्कीच्या चवीचं नसतं.

जो पीत नाही त्याने या लेखाच्या निमित्ताने सुरू करू नये. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट २५ आहे आणि परवानाही लागतो. गाडी घरी ठेवायची. गोव्यात बाटली स्वस्त मिळाली म्हणून डिकीत टाकून आणायची नाही. परवान्याशिवाय ती इकडे आणता येत नाही, आणि तुम्ही कितीही रसिक असलात तरी इन्सुलीच्या नाक्यावर त्याचं कौतुक होत नाही.

खर्चाचं काय? चौघांनी मिळून बसायचं, प्रत्येकाने एक बाटली आणायची. ७५० मिलीच्या खंब्यातून त्या दिवशी फक्त ६० मिली जातात. उरलेली बाटली ज्याची त्याच्या घरी. परदेशातून कुणी येणार असेल तर त्याला ड्युटी फ्रीमधून दोन लिटरपर्यंत आणता येतं. ५० मिलीच्या छोट्या बाटल्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. यातलं काहीच जमत नसेल तर बऱ्यापैकी बारमध्ये जाऊन दोघांत मिळून ३० मिलीचे चार पेग मागवा आणि रिकामे ग्लास जास्तीचे मागा. वेटर जरा विचित्र बघतो, पण आणून देतो.

ग्लास आणि खोली

सिनेमातला रुंद, जाड बुडाचा ग्लास बर्फासाठी ठीक आहे. वास घ्यायला खाली फुगीर आणि वर निमुळता ग्लास हवा, म्हणजे वास तोंडाशी गोळा होतो. 'ग्लेनकेर्न' नावाचा ग्लास २००१ पासून यासाठीच निघाला आणि आता सगळीकडे दिसतो. तो नसेल तर वाइनचा लहान ग्लास चालेल, पण चारही ग्लास एकाच प्रकारचे असू द्या. ओतल्यावर प्रत्येकावर उलटी वाटी ठेवा. पाच-दहा मिनिटांनी वाटी काढाल तेव्हा पहिला वास सर्वांत भरगच्च असतो.

आता खोली. आमची पहिली बैठक रविवारी दुपारी झाली आणि खालच्या मजल्यावर त्याच वेळी सुकट भाजायला घेतली. आम्हाला ते बैठक संपल्यावर उमगलं. चौघांच्या चारही वह्यांत 'खारट, समुद्री' असं लिहिलेलं होतं. त्यात अमेरिकेतल्या केंटकीची बर्बन, म्हणजे मक्याची व्हिस्कीसुद्धा होती, जिथून समुद्र शेकडो मैल लांब आहे.

तेव्हा फोडणी, उदबत्ती, अत्तर, डासांची कॉइल, हाताला लावलेलं सॅनिटायझर यातलं काहीही नको. डोक्यावरचा पंखा वास उडवून नेतो, तो बंद. आणि मग उकाडा! पुस्तकांत 'खोलीच्या तापमानाला प्या' असं लिहितात ती खोली स्कॉटलंडमधली असते, अठरा-वीस अंशांची. मे महिन्यातल्या नागपूरच्या खोलीत ग्लासमधून आधी नुसतं अल्कोहोल उसळतं आणि नाकाला चटका देतं. एसी असेल तर अर्धा तास आधी लावून खोली आणि बाटल्या गार होऊ द्या, मग झोत कमी करा. एसी नसेल तर बाटल्या पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. बर्फ मात्र आज नाही. गारठलेल्या व्हिस्कीतून वास वर उठतच नाही, म्हणूनच तर स्वस्त व्हिस्कीला बर्फ इतका मानवतो.

पाणी साधं गाळलेलं. बोअरचं जड पाणी नको आणि माठातलंही नको. माठात वाळा घातलेला असेल तर चारही ग्लासांत वाळाच सापडेल. चखण्याचं म्हणाल तर मसाला शेंगदाणे, शेव, चकली हे सगळं नंतर. तिखट जिभेवर व्हिस्की नुसती आग लावते. मधे तोंड साफ करायला कोरा पाव किंवा बिनमिठाचे कुरमुरे पुरतात.

पहिला फेर: चार मुलुख

पहिल्या बैठकीला एकमेकींपासून लांबच्या व्हिस्की घ्या. दोन जवळच्या घेतल्यात तर फरक सापडत नाही आणि उत्साह मावळतो. मी पुढचा संच सुचवतो, आणि क्रम हाच ठेवा: हलकी आधी, धुराची शेवटी.

स्कॉटलंडमधल्या स्पेसाइडची ग्लेनलिव्हेट १२ (आकडा पिंपातल्या वर्षांचा). केंटकीची जिम बीम किंवा मेकर्स मार्क. गोव्याची पॉल जॉन ब्रिलियन्स. आणि सर्वांत शेवटी आयलाची लॅफ्रॉइग १०. लॅफ्रॉइग आधी घेतलीत तर पुढच्या तिन्हींना तिचाच वास येईल. कांदा चिरलेल्या सुरीने सफरचंद कापण्यातला प्रकार.

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. तुलना करायची तर कडकपणा, म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण, सारखा हवा. ग्लेनलिव्हेट ४० टक्क्यांच्या आसपास असते, ब्रिलियन्स ४६ टक्के. जास्त कडक ती जास्त 'भारी' वाटते आणि तिथेच आपण फसतो. हिशोब सोपा आहे: १५ मिलीला ४६ ने गुणा, ४० ने भागा, सव्वासतरा येतात. म्हणजे ब्रिलियन्सच्या ग्लासमध्ये सव्वादोन मिली पाणी, साधारण अर्धा छोटा चमचा. आधी सगळ्या आहेत तशा चाखा, मग हा हिशोब करून पुन्हा.

भारतीय बाटल्यांवर बऱ्याचदा ४२.८ टक्के आणि '२५ यू.पी.' असं दिसतं. ती जुनी ब्रिटिश मोजणी आहे. तिच्यात १०० प्रूफ म्हणजे साधारण ५७.१ टक्के, त्यातून २५ उणे केले की ७५ प्रूफ, म्हणजे ४२.८. यू.पी. म्हणजे 'अंडर प्रूफ'. उत्तर प्रदेशाशी संबंध नाही. कॉलेजात असताना मी बरीच वर्षं तसं समजत होतो.

नाक

खरं काम इथे आहे. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच गोष्टी कळतात. बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो बहुतेक वासच असतो. सर्दी झाल्यावर आमटी कशी बेचव लागते, तेच.

ग्लास हनुवटीजवळ धरा आणि तोंड किंचित उघडं ठेवा. उघड्या तोंडाने चटका कमी बसतो. आता ग्लास हळूहळू वर आणा, जिथे पहिला वास येईल तिथेच थांबा. नाक आत खुपसू नका. वाइनसारखा ग्लास गरगर फिरवूही नका, त्याने अल्कोहोलच वर येतं. नुसता तिरका करून काच ओली करा. दोन छोटे श्वास, मग ग्लास बाजूला. स्वतःच्या मनगटाचा किंवा शर्टाच्या बाहीचा वास घ्या. आपल्या अंगाचा वास नाकाला सवयीचा असतो, त्यावर नाक पुन्हा जागेवर येतं. मग दुसरी फेरी.

पहिल्या फेरीत 'दारूचा वास' एवढंच येईल. घाबरू नका, सगळ्यांना तेच येतं. दुसऱ्या फेरीत स्वतःला मोठे, ढोबळ प्रश्न विचारा. फळ आहे का? असेल तर ताजं की सुकं? गोड वास आहे तो साखरेचा, गुळाचा की मधाचा? लाकूड आहे का, आणि ते नव्या फर्निचरचं की आजोबांच्या कपाटाचं? धूर आहे का? चुलीचा, शेकोटीचा की डांबराचा? एकेक पायरी खाली उतरत गेलात की शब्द आपोआप येतात. 'फळ'वरून 'केळं', तिथून 'जास्त पिकलेलं केळं', आणि मग कुणीतरी म्हणतं, "शिकरण!" आणि बाकी तिघांना ते एकदम सापडतं.

जे आठवेल ते लगेच लिहून टाका, आणि लिहून होईपर्यंत बोलायचं नाही. एकाने 'व्हॅनिला' म्हटलं की सगळ्यांना व्हॅनिला यायला लागतो.

घोट, आणि मग पाण्याचे थेंब

पहिला घोट फुकट जातो. तो तोंडाला नुसतं जागं करतो, त्यावरून मत बनवू नका. दुसरा अर्ध्या चमच्याचा घोट जिभेवर सगळीकडे फिरवा, चावल्यासारखं करा, सात-आठ सेकंद थांबा आणि गिळा. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. घशाकडून वास उलटा नाकात जातो आणि ग्लासमध्ये लपलेलं बरंच काही तेव्हा कळतं. मग घड्याळाकडे बघा: चव किती वेळ टिकते? दहा सेकंद की मिनिटभर? आणि जाताना बदलते का? लॅफ्रॉइगचा धूर गेल्यावर मागे एक गोडवा उरतो, तो नवशिक्यांच्या हातून हमखास निसटतो, कारण तोवर ते बोलायला लागलेले असतात.

गिळायचं नसेल तर थुंका. व्यावसायिक लोक थुंकतातच. एक स्टीलचं पातेलं ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता ड्रॉपर किंवा चमच्याने चार-पाच थेंब पाणी. हे बायकी वगैरे म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. स्कॉटलंडमधले ब्लेंडर, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्की मिसळणारे जाणकार, तर व्हिस्की वीस टक्क्यांच्या आसपास उतरवून हुंगतात. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये संगणकावर याचं गणित मांडलं. धुराच्या वासाला कारण असलेला ग्वायकोल नावाचा रेणू पाणी घातलेल्या व्हिस्कीत पृष्ठभागाकडे राहतो. अल्कोहोल फार जास्त असेल तेव्हा तो आत बुडून जातो. पृष्ठभागावर आला म्हणजे तुमच्या नाकाच्या जवळ आला.

थेंब थेंब घाला आणि दर वेळी हुंगा. काही व्हिस्की फुलतात, काही एकदम कोसळतात आणि पाणचट होतात. पाणी घातल्यावर एखादी धूसर झाली तर ती खराब नाही. थंड करून गाळण्याची प्रक्रिया न केलेल्या व्हिस्कीत तेलकट घटक राहतात, ते पाण्याने असे दिसू लागतात. ब्रिलियन्समध्ये हे बघायला मिळण्याची शक्यता आहे.

आमच्या वहीतलं लॅफ्रॉइगचं पान असं आहे, जसंच्या तसं:

'बँडेज. टिंक्चर आयोडीन. ओहोटीनंतरचा किनारा, जाळी वाळत घातलेली. विझवलेली शेकोटी, दुसऱ्या दिवशीची. पाण्यानंतर: धूर मागे, पुढे लिंबाची साल. घोट: आधी गोड (!), मग राख. मिरी. शेवट लांब, काकवी लावलेली कोळशाची चूल. मेव्हणा: "वाईट आहे. अजून थोडी द्या."'

हे वास आले कुठून

बर्बन घ्या. अमेरिकन कायद्याप्रमाणे तिच्या धान्यात निदान ५१ टक्के मका हवा आणि ती ओकच्या नव्याकोऱ्या, आतून जाळलेल्या पिंपात मुरायला हवी. जळालेल्या ओकमधून व्हॅनिला येतो, अमेरिकन ओकमधून खोबऱ्यासारखा वास. म्हणून बर्बनला आमच्या घरी 'खोबऱ्याची वडी' म्हणतात. पिंप एकदाच वापरायचं असल्याने केंटकीत रिकाम्या पिंपांचा ढीग पडतो, आणि तीच पिंपं जहाजाने स्कॉटलंडला आणि गोव्यालाही जातात. तुमच्या पुढ्यातल्या लॅफ्रॉइग आणि ब्रिलियन्स, दोन्ही बर्बनच्या जुन्या पिंपांत मुरलेल्या आहेत. हे कळल्यावर पुन्हा हुंगा: लॅफ्रॉइगच्या धुरामागचा तो गोडवा कुणाचा?

शेरी नावाची स्पॅनिश वाइन भरलेल्या पिंपात व्हिस्की मुरली की काळ्या मनुका, खजूर, सुकं अंजीर असे वास येतात. स्पेसाइडची मॅकलन त्यासाठी ओळखली जाते. दिवाळीच्या सुक्या मेव्याच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखं वाटतं.

आयलाचा धूर येतो पीटमधून. दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजत पडलेलं शेवाळ आणि झुडपं वीटेसारखी कापून वाळवतात आणि जाळतात. झाडं कमी असलेल्या बेटावर सरपण म्हणून तेच हाताशी होतं, आपल्याकडे गोवऱ्या असाव्यात तसं. भिजवून मोड आणलेलं सातू, म्हणजे माल्ट, त्या धुरावर वाळवतात, धूर दाण्याला चिकटतो आणि दोनदा ऊर्ध्वपातन होऊन, दहा वर्षं पिंपात बसूनही सुटत नाही. 'पीपीएम'चा (दहा लाखांत किती भाग) जो आकडा अभिमानाने सांगतात तो सातूमधल्या फिनॉलचा, म्हणजे धुराचा वास देणाऱ्या द्रव्यांचा असतो, बाटलीतल्या दारूचा नव्हे. बाटलीत त्याचा बराच कमी भाग पोचतो.

आणि गोवा. दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची भट्टी आहे आणि २०१२ पासून तिची सिंगल माल्ट (एकाच भट्टीतली, नुसत्या माल्टची व्हिस्की) बाजारात आहे. तिच्याआधी बंगळुरूच्या अमृतने २००४ मध्ये थेट ग्लासगोत जाऊन आपली सिंगल माल्ट विकायला सुरुवात केली होती. भारतीय सातू सहा ओळींचं असतं, त्यात टरफल जास्त, म्हणून चवीत किंचित मसालेदारपणा. पण खरा फरक उकाड्याचा. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के उडून जातं. त्याला ते 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. बंगळुरूत तोच वाटा दहा-बारा टक्के! अमृतने आपल्या एका व्हिस्कीचं नावच 'ग्रीडी एंजल्स' ठेवलंय, हावरट देवदूत. उष्णतेने दारू लाकडात झपाट्याने शिरते आणि बाहेर येते, त्यामुळे इथली पाच-सहा वर्षांची व्हिस्की चवीला प्रौढ लागते. बारा वर्षं ठेवली तर पिंपात देवदूतांनी फार काही शिल्लक ठेवलेलं नसतं. म्हणून भारतीय सिंगल माल्टवर बऱ्याचदा वयाचा आकडाच नसतो, आणि तो नसण्याने काही बिघडत नाही.

दुकानातल्या नेहमीच्या देशी 'व्हिस्की'त मात्र मळीपासून केलेलं अल्कोहोल असतं, थोडं माल्ट मिसळलेलं. युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. वाईट म्हणून नव्हे, ती मुळात उसाची पोर आहे म्हणून. ती आजच्या तुलनेत बसवू नका, सोड्याबरोबर तिचं ती बरी आहे.

दुसरा फेर: प्रदेश म्हणजे चव नव्हे

पहिल्या बैठकीनंतर माणूस 'आयला म्हणजे धूर, स्पेसाइड म्हणजे फळं' असं ठामपणे सांगायला लागतो. मीही सांगायचो. हा गैरसमज लवकर मोडलेला बरा, म्हणून दुसऱ्या बैठकीत त्याच आयला बेटावरच्या दोन घ्या: लॅफ्रॉइग आणि बुनाहाव्हन १२. दुसरीत पीट जवळजवळ नाहीच. मनुका, शेंगदाण्याची चिक्की, थोडं मीठ. डोळे मिटून दिलीत तर कुणी तिला आयलाची म्हणणार नाही.

२००९ च्या स्कॉच नियमांत पाच प्रदेशांची नावं आहेत: हायलँड, लोलँड, स्पेसाइड, कॅम्पबेलटाउन आणि आयला. ते नाव बाटलीवर लावायचं तर ऊर्ध्वपातन तिथेच व्हायला हवं, पण चव कशी असावी याबद्दल त्या नियमात प्रदेशागणिक एक शब्दही नाही. हायलँड आणि लोलँड यांच्यातली रेघ तर १७८४ च्या कराच्या कायद्याने आखली. अबकारी खात्याने आखलेल्या रेघेवरून चव सांगायची तर सातारा आणि सांगलीच्या सीमेवर गुळाची चव बदलते म्हणण्यासारखं आहे.

तरी प्रदेश निरुपयोगी नाहीत. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांचं बघून, हाताशी असलेलं सरपण आणि जवळचं गिऱ्हाईक बघून काही सवयी धरल्या, त्या टिकल्या. स्कॉटलंडमधल्या सर्वांत जास्त भट्ट्या स्पेसाइडच्या त्या लहानशा पट्ट्यात आहेत. कॅम्पबेलटाउनमध्ये एकेकाळी तीसेक भट्ट्या होत्या, आता तीन उरल्या. त्यातली स्प्रिंगबँक मिळाली तर सोडू नका: किंचित तेलकट, किंचित धुरकट, गॅरेजमध्ये फळांची पेटी उघडल्यासारखी. लोलँडची ऑखेनटोशन तीनदा ऊर्ध्वपातन करते, म्हणून हलकी आणि गुळगुळीत. हायलँड इतका मोठा आणि इतका वेगवेगळा आहे की त्याची एक चव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. स्काय बेटावरची टॅलिस्कर कागदोपत्री त्याच हायलँडमध्ये मोडते आणि तोंडात मिरी फोडते.

आयर्लंडसाठी एक वेगळी संध्याकाळ ठेवा. तिथे मोड आणलेल्या सातूबरोबर मोड न आणलेलंही घालून 'पॉट स्टिल' व्हिस्की करतात; माल्टवरचा कर चुकवायला ही युक्ती बोकाळली असं सांगतात. रेडब्रेस्ट १२ तिचा उत्तम नमुना, जाडसर आणि सायीसारखी. तिच्या शेजारी बुशमिल्स १० ठेवा, ती नुसत्या माल्टची. जपानी व्हिस्कीची मुळं स्कॉटलंडमध्येच आहेत: मासाताका ताकेत्सुरू १९१८ मध्ये तिकडे शिकायला गेला आणि परत येऊन १९२३ च्या यामाझाकी भट्टीच्या उभारणीत त्याचा हात होता. आजच्या किमती बघता जपानी बाटली दुसऱ्याच्या घरी चाखावी.

तिसरा फेर: कुंकळ्ळीचे तीन ग्लास

माझ्या मते सर्वांत शिकवणारी बैठक ही. पॉल जॉनच्या तीन व्हिस्की घ्यायच्या: ब्रिलियन्स, एडिटेड आणि बोल्ड. भट्टी तीच, हवा तीच, तिन्ही ४६ टक्के. बदलतो फक्त धूर: पहिलीत नाही, दुसरीत थोडासा, तिसरीत भरपूर. शाळेच्या प्रयोगवहीतलं 'बाकी सर्व घटक स्थिर ठेवून' म्हणतात ते हेच.

ब्रिलियन्समध्ये मध, दालचिनी, पिकलेलं केळं. एडिटेडमध्ये तेच सगळं आहे, पण कुणीतरी शेजारच्या शेतात हुरड्याची आगटी पेटवल्यासारखं. बोल्डमध्ये तुम्ही आगटीजवळच बसलेले असता.

एकदा मेव्हण्याने मला अद्दल घडवली. माझ्या पाठीमागे ग्लास भरले, खाली चिठ्ठ्या चिकटवल्या आणि पुढे ठेवले. मी दुसरा ग्लास हुंगून, घोट घेऊन, बरंच काही बोलून जाहीर केलं: आयला, नक्की. चिठ्ठी निघाली बोल्डची. तो महिनाभर हसत होता. नंतर वाचलं की बोल्डसाठीचं पीट आयलाहूनच मागवतात. त्याला सांगितलं तर म्हणाला, "दाजी, पेपर फुटल्यावर उत्तर बरोबर म्हणायचं नाही."

चिठ्ठ्यांचा खेळ नीट खेळायचा तर

तीन ग्लास, दोनांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात वेगळी. वेगळा कुठला ते सांगायचं. नाव ओळखायची गरज नाही. ग्लासवर रंग दिसू नये म्हणून खोलीतला दिवा मंद ठेवा किंवा ग्लासला कागद गुंडाळा. असं सहा वेळा करा, पण फक्त हुंगून, नाहीतर सहाव्या वेळेला परीक्षकच लागेल. नुसत्या अंदाजाने तीनातून एकदा बरोबर येतंच. सहापैकी पाच बरोबर आले तर तो योगायोग असण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी. त्याहून कमी आले तर 'मला या दोनांतला फरक लगेच कळतो' हे वाक्य काही दिवस बाजूला ठेवा.

रंग झाकायचं कारण असं की रंग सर्वांत जास्त फसवतो. स्कॉचमध्ये कॅरमल रंग घालायला परवानगी आहे, बरेच जण घालतात. गडद म्हणजे जुनी, ही समजूत त्यावरच पोसली आहे. वय आणि किंमतही झाकलेलीच बरी. आमच्यात सर्वांत महाग बाटली दोनदा शेवटून पहिली आली, आणि ती आणणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आवरताना

बाटली उभीच ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवलीत तर कडक दारू बूच खाते. उन्हात नको. पाव बाटली उरली असेल तर लहान बाटलीत ओता, नाहीतर आतल्या हवेने काही महिन्यांत तिचा नूर उतरतो.

ग्लास मात्र रात्री धुवू नका. झाकून तसेच ठेवा आणि सकाळी चहाच्या आधी हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं, तळाला चिकटलेलं तेवढं राहतं: बर्बनच्या ग्लासमध्ये गूळ आणि नवी फळी, ब्रिलियन्समध्ये मेण, लॅफ्रॉइगमध्ये थंड झालेली चूल. आमच्याकडे बायकोने एकदा तो शेवटचा ग्लास उचलला आणि गॅस चालू राहिलाय का बघायला धावली. वहीत हे वास 'सकाळ' अशा मथळ्याखाली लिहा. मग गरम पाण्याने धुवा, साबण अगदी कमी, आणि वाळल्यावर कपाटात ग्लास सरळ ठेवा. उलटे ठेवलेत तर पुढच्या वेळी चारही व्हिस्कींना कपाटाच्या कागदाचा वास येईल.